कुप्याची जागा कागदावर

२०१९ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि कतारच्या अल खोर बंदरात एका लाकडी लाँचचा नाखवा होतो. लाँच कफिलाची, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसे त्या कतारी मालकाची; माणसं माझी. सहा खलाशी, त्यातले चार आमच्या रत्नागिरीकडचे. मी तिसरीपर्यंत शिकलो. आकडे येतात, सही येते, मराठी सावकाश लिहितो. समुद्रात याहून जास्त मला कुणी विचारलं नव्हतं, त्या वर्षापर्यंत.

त्या वर्षी आमचा कुपा बाहेर जायला लागला. कुपा म्हणजे हॉटेलवाले ज्याला टूना म्हणतात तो. आधी तो दोह्याच्या बाजारात जायचा, पण हमूर आणि सुरमईपुढे त्याला फार कोण विचारतो? मग एका कंपनीनं तो विमानानं परदेशी धाडायचं ठरवलं. गळावर धरलेला, लगेच रक्त काढलेला, पोटात बर्फ भरलेला मासा त्यांना पाहिजे होता. त्याला हाताची सवय लागते. जाळीवाल्यांना ते जमलं नाही, आम्हाला जमलं. कफिलाच्या मनात लाँच मोडीत काढायचं होतं, ते त्यानं पुढे ढकललं. कंपनीच्या यादीत नाव आहे तोवर लाँच पाण्यात, नाव गेलं की लाँच मोडीत, असं त्यानं मला तोंडावर सांगितलं. लाँच गेली की सहा जणांचा आणि माझा व्हिसा गेला. त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

मासा गेला की त्याच्याबरोबर एक कागद जायचा. तारीख, लाँचचा नंबर, गळ का जाळं, मासे किती, आणि शेवटी ठिकाण, अंश-मिनिटांत. हे काम कंपनीत एक सोलापूरची मुलगी करायची. हमद पोर्टच्या बाजूला कोल्ड स्टोरेजमध्ये तिचं टेबल होतं आणि बाहेर आग पडत असली तरी तिच्या अंगात स्वेटर असायचा. समुद्र तिनं पहिल्यांदा कतारला आल्यावरच पाहिला, हे तिनंच मला सांगितलं.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "एका माशाला एवढा कागद कशाला गो बाय?"

"चाचा, थंड समुद्रात एक निळ्या पराचा टूना असतो. म्हशीएवढा होतो म्हणे. लोकांनी इतका मारला की संपायला आला. मग सगळ्या देशांनी मिळून ठरवलं, कागदाशिवाय तो विकायचा नाही. कुणी धरला, कुठं धरला, सगळं लिहायचं. आता घेणाऱ्यांना सवय लागलीय. कुठलाही टूना असू दे, कागद मागतात."

"म्हणजे म्हैस त्यांची मेली आणि सुतक आम्ही पाळायचं?"

"तसंच समजा की ओ. पण रकाना रिकामा सोडू नका."

रकाना मी रिकामा सोडला नाही. पण खरंही लिहिलं नाही.

हे खोटेपणानं केलं असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. नाखवा आपली जागा सांगत नाही. उत्तरेला मासा लागला तर बंदरावर पूर्वेला बोट दाखवतो. ऐकणाराही नाखवा असतो, तोही ते ऐकून पश्चिमेला जातो, आणि कुणी कुणावर रागवत नाही. माझ्या बापानं मरताना शेताच्या बांधाबद्दल सांगितलं, नमाजेबद्दल सांगितलं, पण स्वतःची शेवटची जागा माझ्या थोरल्या भावाला वेगळी सांगितली आणि मला वेगळी. दोन्ही खोट्या निघाल्या. इथेही बंदरात शिरायच्या आधी मी जीपीएसच्या मशीनमधले आकडे पुसत असे, ते मला पाठ होते. माझे खलाशी बर्फ फोडण्यात गुंतलेले असत, त्यांनाही नेमकं ठिकाण माहीत नव्हतं. ती जागा मला अकरा वर्षांनी सापडली होती. तळाला एक उंचवटा आहे, तिथं पाणी अडतं, बारीक मासा गोळा होतो आणि कुपा त्याच्या मागे येतो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. घर भावाचं, लाँच कफिलाची. जागा माझी होती.

म्हणून चौथ्या फेरीला कागदावर मी मिनिटांतला शेवटचा पाच होता त्याचा आठ केला. पहिल्या तीन फेऱ्यांना असाच एखादा आकडा फिरवला होता, कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, हे कोण बघतंय.

चौथ्या फेरीनंतर तिचा फोन आला. "चाचा, तुम्ही गॅसच्या प्लॅटफॉर्मखाली मासे धरता का ओ?"

मी भंडाऱ्याला बरोबर घेतलं. भंडारी म्हणजे लाँचवरचा स्वयंपाकी. माझ्याच वाडीचा, वीस वर्षं माझ्या हाताखाली, आणि गाडीही तोच चालवतो. तिच्या टेबलाशी गेलो तर तिनं पडद्यावर नकाशा काढून ठेवला होता. गॅसच्या प्लॅटफॉर्मभोवती एक लाल गोल, त्यात मासेमारीला बंदी. माझा आठ त्या गोलाच्या बरोबर मध्ये. तो प्लॅटफॉर्म मी रोज लांबून बघतो आणि त्याच्यापासून लांब राहतो. पण कागदावरचा आठ म्हणजे पाण्यात कुठे, हे मला कळलं नव्हतं. मी मशीनवरच्या बाणामागे जाणारा माणूस. आकडे नकाशावर मांडायला मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

"बंदी असलेल्या जागेचा मासा म्हणून तिकडं माल अडकवलाय," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत बरोबर ठिकाण सहीनिशी गेलं नाही तर माल फेकणार आणि लाँच यादीतून बाहेर."

"मग नऊ लिही."

"चेष्टा लावलीय का चाचा? नऊला तुम्ही होता का?"

"हा कागद कोण कोण बघतो?"

"आमची कंपनी, इथलं ऑफिस, तिकडचं ऑफिस."

"आणि बाकीचे नाखवे? ते याच टेबलाशी येतात ना?"

"येतात की. मी कुणाला दाखवणार नाही. पण फाइल इथंच असते, खोटं कशाला सांगू?"

मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, विचार करून सांगतो. भंडारी दारात उभा होता, तो बाजूला झाला नाही. वीस वर्षांत त्यानं मला उलट उत्तर दिलं नव्हतं.

"नाखवा, त्या जागेचं काय लोणचं घालणार? लाँच नाय तर जागा घेऊन पोहत जाणार हाव?"

"तुझं काम डेगचीपुरतं," मी म्हणालो.

"डेगची पण लाँचवरच हाय."

ती मुलगी हसली आणि लगेच पडद्याकडे बघायला लागली. मी परत बसलो. तिनं चहा मागवला, तो थंड झाला. भंडारी दारातच उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही आकडा सांगा, मी टाइप करते."

"टाइप नको. मी लिहितो."

तिनं कोरा कागद दिला. मी अंश लिहिले, मिनिटं लिहिली, आणि पाच लिहिला. तोंडानं उच्चारला नाही. खाली सही केली. 'आठ लिहिला ती माझी चूक' हे वाक्य तिनं वर इंग्रजीत घातलं. त्याचा अर्थ मी तिच्याकडून दोनदा समजून घेतला, मग पुन्हा सही केली. चूक झाली हे मान्य. खोटं लिहिलं असं तिनं घातलं असतं तर मी सही केली नसती, मग लाँचचं काहीही होवो.

संध्याकाळी फोन आला. माल सुटला, यादीत नाव राहिलं. कफिलाला मी एवढंच सांगितलं की कागदाचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून आम्ही बंदराबाहेर पडलो. भंडाऱ्यानं विचारलं, "नेहमीच्याच जागेवर ना?" मी सुकाणू उलट्या बाजूला फिरवलं. तो चहा ठेवायला गेला. उन्हं वर आल्यावर मी इंजिन बंद करायला सांगितलं, तळाची वाळू चिकटून यावी म्हणून शिशाच्या वजनाला खालून चरबी फासली आणि दोरी सोडून, दुसरा उंचवटा कुठे लागतो का ते बघत तळ चाचपायला लागलो.