मान्यवरांना हवा होता एक फोटो

टेक्सासातल्या फ्रिस्कोच्या थोडं पलीकडे, चार-पाच गल्ल्यांपुरतं आमचं एक छोटं मंडळ आहे आणि त्या मंडळाला सत्काराचं व्यसन आहे. कोणीही स्टेजच्या पायऱ्या चढला की आम्ही त्याच्या खांद्यावर शाल टाकतो आणि हातात नारळ देतो. एकदा साउंड सिस्टिमवाल्याला दिला होता. तो बिचारा नुसती वायर गुंडाळायला चढला होता. त्यामुळे मिडटर्म निवडणुकीच्या वर्षी गणपतीत, खासदार होऊन वॉशिंग्टनला जायला निघालेले एक उमेदवार आमच्या हॉलमध्ये आले, तेव्हा शाल तयारच होती आणि ती मीच त्यांच्या खांद्यावर घातली. मी मंडळाचा सेक्रेटरी. वय चोपन्न, टेक्सासात बावीस वर्षं आणि इथला नागरिक होऊन जेमतेम सहा. मताचा हक्क नवा होता, त्यामुळे मी तो नव्या गाडीसारखा सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

उमेदवारांनी बाप्पासमोर काउबॉय बूट काढले. बस्स, अर्धं मंडळ तिथेच गार! मग माइक हातात घेऊन कुटुंब, कष्ट, देव, कमी टॅक्स असं सगळं आमच्या आवडीचं बोलले. राजधानीतले बडे लोक आपल्यासारख्या साध्या माणसांना हसतात, असंही म्हणाले. समोरच्या खुर्च्यांवर तीन डायरेक्टर, दोन हार्टचे डॉक्टर आणि पाच गॅस स्टेशनांचा एक मालक बसला होता. आपण साधी माणसं आहोत हे ऐकून सगळ्यांना इतकं भरून आलं की टाळ्या थांबेनात.

पुढे ते सीमेवरून घुसणाऱ्यांवर घसरले आणि मग बाहेरून येऊन अमेरिकन माणसाची नोकरी खाणाऱ्यांवर. तेव्हा सगळ्यात जोरात टाळी माझी होती. का नसावी? ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं उभा राहिलेला माणूस मी. रांग मोडणाऱ्यांची मला चीड आहे, मग तो देशाच्या दारात असो की आमच्या महाप्रसादाच्या.

माझ्या शेजारी माझी भाची बसली होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, नाशिकची, सत्तावीस वर्षांची. एच-वन व्हिसावर नोकरी करते आणि दोन वर्षांपासून आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते. आमचा मुलगा बेलव्ह्यूला असतो आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत एका शब्दात उत्तर देतो, त्यामुळे घरात मराठीत भांडायला हीच काय ती उरलीय.

ती माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, बाहेरून येऊन नोकरी करणारी म्हणजे मीच ना?"

"छे गं! ते आपल्याबद्दल नाहीच. तू लीगल आहेस. ते वेगळे."

"त्यांना ठाऊक आहे का, मी वेगळी आहे ते?"

मी तिला टाळ्या वाजव म्हणून खुणावलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या प्रचाराच्या मेसेजिंगचं काम बघणाऱ्या बाईंनी मला कॉफीला बोलावलं. बाई कसल्या, तिशीतली पोरगी होती, पण डोकं असं की आमच्या ऑफिसातले सगळे व्हाइस प्रेसिडेंट तिच्यापुढे पाणी भरतील. लॅपटॉपवर आमच्या भागाचा नकाशा होता आणि प्रत्येक घराला रंग दिलेला. या घरांशी शाळेबद्दल बोलायचं, त्या घरांशी टॅक्सबद्दल, पलीकडच्या घरांशी सीमेबद्दल. एका घराला सांगितलेलं दुसऱ्या घराला सांगायचं नाही. तिने मला विचारलं, "तुमच्या लोकांना राग कशाचा येतो?" मला आधी पार्किंग आठवलं. पण इतक्या मोठ्या कामाला ते बरं दिसणार नाही म्हणून मी रांगेचं सांगितलं. तिने ते लगेच टाइप करून घेतलं. माझं म्हणणं कोणी टाइप करून घेतंय हेच मला इतकं अप्रूप की त्यांच्या पत्रकाचं मराठी मी फुकटात करून दिलं. ‘तुमच्या मेहनतीचा मान’ ही ओळ माझी. घरी मी ती चार वेळा मोठ्याने वाचली. बायको म्हणाली, "छान आहे. आता मेहनत म्हणून जरा ती भांडी लावा."

मग त्या पोरीने फोटो मागितला. एनर्जी हवी, गर्दी हवी, ढोल, झेंडे आणि एखादा ठसठशीत चेहरा. अहो, आमच्याकडे फोटोंना काय तोटा? आम्ही बाप्पाचं दर्शन नंतर घेतो, आधी फोटो. मी अल्बममधून सगळ्यात झकास तो निवडला. मिरवणुकीत माझी भाची, नऊवारी, नथ, डोळ्यांवर गॉगल, कमरेला ढोल, जोशात ओरडताना तोंड उघडं. मागे भगवे झेंडे आणि रस्ता अडवून उभी असलेली पोलिसांची गाडी. तिला विचारलं नाही. आपल्याच घरातली पोर, तिला काय विचारायचं? असं आपण म्हणतो. मीही म्हणालो.

ऑक्टोबरात आमच्या टपालपेटीत गुळगुळीत पत्रक आलं. पणती, नमस्कार केलेले हात, उमेदवाराचं हसू आणि माझी ओळ. मी ते फ्रिजवर लावलं.

तीन दिवसांनी शेजारचे आजोबा आले. हा गृहस्थ म्हणजे भला माणूस. आम्ही भारतात गेलो की आमच्या कुंड्यांना पाणी घालणार, वादळात कुंपण पडलं तर आधी आमचं उभं करणार. टेलिफोन कंपनीत जन्म काढला आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांचं काम परदेशात गेलं. ज्याच्याकडे गेलं त्याला शिकवायलाही यांनाच लावलं होतं. ते आमच्याशी याबद्दल कधी कडवट बोलले नाहीत. त्या दिवशी हातात एक पत्रक घेऊन दारात उभे होते आणि आत यायला तयार नव्हते.

"ही तुमची मुलगी ना?" त्यांनी विचारलं.

भाचीच होती. चेहरा पानभर मोठा केलेला, रंग मुद्दाम काळवंडलेला. उघडं तोंड आता जोशात ओरडणाऱ्याचं नाही, अंगावर येणाऱ्याचं दिसत होतं. वर मोठ्या अक्षरात, ‘हे टेक्सास ओळखू येतंय का?’ खाली, ‘तुमचा रस्ता त्यांनी अडवला. तुमची नोकरी त्यांनी घेतली. नोव्हेंबरात त्यांना थांबवा.’ आणि कोपऱ्यात तेच उमेदवार, तेच हसू. शाल तेवढी नव्हती.

आजोबाच बिचारे ओशाळले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनावर घेऊ नका. ते तिच्याबद्दल नाहीये. ते दुसऱ्यांबद्दल आहे."

किती प्रेमाने म्हणाले! मीही भाचीला प्रेमानेच म्हणालो होतो. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना चहाचंसुद्धा विचारलं नाही.

संध्याकाळी भाची ऑफिसातून आली तेव्हा तिला आधीच कळलं होतं. टीममधल्या कोणीतरी ते पत्रक गंमत म्हणून ग्रुपवर टाकलं, आणि दुपारी एचआरने बोलावून विचारलं, तू राजकीय जाहिरातीत काम केलंस का? तिच्या व्हिसाच्या एक्स्टेंशनचा अर्ज कंपनीने नुकताच भरलेला. वकिलाचं म्हणणं, निकाल येईपर्यंत कुठे नजरेत येऊ नकोस. आणि ही तर घरोघरी पोचलेली. ती सोफ्याच्या कडेला बसली होती.

"मामा, नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. नंतर बॅग भरायची. कोणी दिला हा फोटो?"

"मी दिला," मी म्हणालो. एवढं तरी खरं बोललो.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि फ्रिजवरचं पत्रक ओढून काढत म्हणाली, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी!" तीस वर्षांच्या संसारात तिची एवढी योग्य म्हण मी ऐकली नव्हती.

भाची रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "मला माफी वगैरे नको. अजून छापणार असतील तर त्यात माझा चेहरा नको. एवढं करा."

आधी मी कमिटीला सांगितलं. व्हिडिओ कॉलवर सात चौकोन आणि सातही चौकोनांत विचारवंत. अध्यक्ष म्हणाले, "निवडून तर ते येणारच आहेत. आत्ता बोंब मारली तर पुढच्या वर्षी मिरवणुकीची परवानगी कोण देणार?" दुसरे म्हणाले, "राजकारणात चालतं हो एवढं." तिसऱ्यांनी पत्रक स्क्रीनजवळ नेऊन नीट बघितलं आणि म्हणाले, "काही म्हणा, फोटो आलाय भारी." निषेधाच्या पत्राचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्यायचं ठरलं. पुढची मीटिंग निवडणुकीनंतर होती.

मग मी मेसेजिंगवाल्या पोरीला फोन लावला. आदल्या रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. तुम्ही आमच्या मांडवात येऊन आमचा प्रसाद खाल्लात, इथपासून सुरुवात होती. पण तीच आधी बोलली, आणि आनंदाने! मी दिलेला फोटो त्यांच्या चाचणीत सगळ्यांत वरचढ ठरला होता.

"ती माझी भाची आहे!" मी ओरडलो.

"ओह," ती म्हणाली. मग अगदी समजूत काढत म्हणाली, "पण हे पत्रक तुमच्या घरांना जातच नाही. ती यादी वेगळी आहे."

मी वकिलाचं नाव काढलं. तेव्हा तिच्या कीबोर्डचा आवाज आला. "दुसरी छपाई मंगळवारी आहे. हा फोटो काढते आणि तिच्या कंपनीला तसं लिहूनही देते, तिला काही माहीत नव्हतं म्हणून. पण डिझाइन मंजूर झालंय, जागा रिकामी ठेवता येणार नाही. तुम्ही मला दुसरा द्या. असाच, याच एनर्जीचा."

इथे ते भाषण उपयोगी पडलं असतं. मी म्हणालो, "किती वाजेपर्यंत हवा?"

अल्बम उघडून बसलो. अध्यक्षांची मुलगी लेझीम खेळताना मस्त आली होती, पण अध्यक्ष गप्प बसले नसते. डेंटिस्टबाई झेंडा नाचवत होत्या, त्यांचा भाऊ वकील. गॅस स्टेशनवाल्यांची सून, नकोच, त्यांची देणगी सगळ्यात मोठी. एकेक चेहरा मी असा बाजूला सारत गेलो आणि शेवटी ताशावाल्या मुलीशी थांबलो. चोवीस वर्षांची, अकोल्याकडची, फेब्रुवारीत लग्न होऊन आलेली. नवरा कंत्राटी कंपनीत दिवसरात्र राबणारा, हिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला. गाडी नाही, म्हणून प्रॅक्टिसला मीच तिला घेऊन जायचो आणि ती दर वेळी मला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी द्यायची. फोटोत ताशा वाजवताना तिचे दात आवळलेले, कपाळावर आठ्या, नाकात मोठी नथ. एनर्जी म्हणाल तर भाचीपेक्षा काकणभर जास्तच. कमिटीत तिचं कोणी नाही, वकील नाही, ऑफिसच नाही तर एचआर कुठून येणार? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून लोकांबद्दल वापरत आलोय. फोटो पाठवायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

आठवड्याभरात भाचीच्या कंपनीला पत्र गेलं, एचआरने विषय मिटवला. ती घरी येऊन माझ्या गळ्यात पडली. "कसं जमवलंत, मामा?"

"ओळख लागते," मी म्हणालो.

तिने लगेच नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. माझी बहीण पदराने डोळे पुसत म्हणाली, "दादा, तू आहेस म्हणून पोरीला एवढ्या लांब ठेवून मी निर्धास्त झोपते." बायको माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. आजतागायत नाही.

निवडणुकीच्या आदल्या शनिवारी दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम होती. ताशावाल्या मुलीला मी तिच्या अपार्टमेंटवरून घेतलं आणि भाचीला घ्यायला घराशी थांबलो. भाची वर कानातलं शोधत होती. मी गाडीबाहेर उभा राहिलो, गाडीत बसवेना म्हणून. तेवढ्यात आजोबा आपल्या पेटीतून टपाल काढून लॉन ओलांडून माझ्याकडे आले. हातात नवं पत्रक होतं. तोच मजकूर, तेच काळवंडलेले रंग. मधला चेहरा फक्त बदललेला.

"या वेळी दुसरीच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हीसुद्धा तुमच्यातलीच का?"

मी पत्रकाकडे नीट बघितल्यासारखं केलं.

"नाही," मी म्हणालो. "ओळखत नाही मी हिला."

मागच्या सीटची काच खाली झाली. "काका, चला ना," ती म्हणाली, "उशीर होतोय."