सेलेदोन सापडत नाही

आमच्या पाल्मा चिका गावाला समुद्र तीन बाजूंनी टेकून बसलेला आहे आणि चौथ्या बाजूला डोंगर. म्हणून आमच्याकडे जे येतं ते एक तर होडीतून येतं, नाही तर स्वतःच्या पायांनी. आणि गावात पायांचा विषय निघाला की पहिलं नाव सेलेदोनचं.

एरवी तो मासे धरणारा, मऊ बोलणारा माणूस. कोंबडी कापायची झाली तर शेजारणीला हाक मारायचा. पण कार्निव्हल, म्हणजे उपवासकाळाआधीचा नाचगाण्याचा सण, आला की तो लाल-काळे कपडे चढवायचा, सैतानाचा शिंगांचा मुखवटा लावायचा, घोट्यांना घुंगरं बांधायचा, आणि चाबूक घेऊन गल्लीत उतरला की मोठमोठी माणसं खुर्च्यांवर चढून उभी राहायची. हा सैतान त्याला मामाकडून मिळालेला. केस काळ्याचे पांढरे झाले तरी त्याने तो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

आमचा रिवाज असा. राखेच्या बुधवारी, म्हणजे सण संपून उपवास सुरू होतो त्या दिवशी, देवदूत झालेल्या सहा जणांनी सैतानाला धरायचं, सूर्य टेकडीआड जायच्या आत चर्चच्या दारात ओढत आणायचं, चाबूक काढून घ्यायचा आणि डोक्यावर पाणी ओतायचं. पाणी पडलं की सैतान संपला, सेलेदोन उरला. नाही पडलं तर पुढे काय, हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

सेलेदोन स्वतःहून कधी सापडत नसे. तो म्हणायचा, प्रभूने खऱ्या सैतानाला जिंकलं, ढोंग्याला नाही. पूर्वी देवदूतही तसेच तगडे असत, होड्या ओढून दंड भरलेले. पण ती पोरं एकेक करून कोलोनच्या बंदरावर कामाला गेली. त्या वर्षी उरले ते असे: न्हावी, गुडघे धरलेले मास्तर, पावाच्या भट्टीवरचे दोघे गोलमटोल भाऊ, आणि आणखी दोघे, ज्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

पांढरे पंख लावून ते दुपारपासून धावले. सेलेदोन नारळीतून गेला, खारफुटीच्या चिखलातून गेला, पालथ्या होड्यांवरून उड्या मारत गेला. मध्येच थांबून त्यांची वाट पाहायचा आणि ते जवळ आले की पुन्हा सुटायचा. शेवटी देवदूत वाळूत बसले आणि कुणी तरी आणलेली तळलेली केळी खाऊ लागले. त्यांच्या डोळ्यांदेखत सूर्य टेकडीआड गेला. लांब खडकावर घुंगरं एकदम मुकी झाली. पाणी न पडता आता घरी कसं जायचं, हा प्रश्न सैतानालाही तेव्हाच पडला.

घरी बायको, ओब्दुलिया, दारात उभी होती. गावातल्या मुलांना धर्मशिक्षण तीच द्यायची, तेव्हा तिला नियमात सूट चालत नसे. तिने त्याची झोपायची झोळी खुराड्याशेजारी बांधून दिली आणि नारळाचा भात कुंपणावरून दिला. कपडे उतरवायचे नाहीत हे मात्र त्यानेच ठरवलं. पाण्याशिवाय सैतान उतरवणं त्याला लबाडी वाटली. सकाळी होडीत त्याच्या शेजारी कुणी बसेना. जाळं भरून मासे आले तेव्हा तर ही सैतानाची करणी म्हणत सगळी होडीच रिकामी झाली. तो दुकानात गेला, तर दुकानदार म्हणाला, "तुझ्याकडे खाली नरकात एवढा विस्तव, मग काडेपेटी कशाला नेतोस?"

हे त्याने हसत सोसलं असतं. पण रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता. पहिली नात. मुलगी यारिएला तिला घेऊन कोलोनहून आली होती, आणि बाळाच्या वतीने शपथ घेणारा धर्मपिता म्हणून सेलेदोनच उभा राहणार, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं होतं.

फादर फर्मिन महिन्यातून एकदा होडीने यायचे. ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, तुझा बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, तो असा पुसला जात नाही. सेलेदोनने मुखवटा काखेत धरून सगळं ऐकून घेतलं.

"खरं आहे, फादर. पण तुम्ही विचारणार, सैतानाचा त्याग करतोस का. या कपड्यांत मी हो म्हणालो, तर नात मोठी होऊन म्हणेल, आजोबा पहिल्याच दिवशी खोटं बोलले."

"मग उभा राहा ना एका जागी. धरू दे त्यांना."

"मन उभं राहतं. पाय राहत नाहीत."

आणि झालंही तसंच. रविवारी चर्चसमोर देवदूतांनी त्याला पुन्हा घेरलं आणि तो पुन्हा सुटला. बदामाच्या झाडाभोवती फेऱ्या सुरू झाल्या. आत बाळ रडायला लागलं. यारिएलाने दारातून सांगितलं, की बाबा येत नसतील तर मी न्हाव्याला उभं करते. न्हावी त्या वेळी झाडाला धरून खोकत होता. सेलेदोनने ते ऐकलं. मुखवट्याखालून पाणी गळू लागलं, घामाचं की कसलं कोण जाणे, पण पाय काही थांबेनात.

तेव्हा ओब्दुलिया खुर्ची घेऊन बाहेर आली. पाय सुजलेले, हातात पंखा. सावलीत खुर्ची ठेवून ती ऐसपैस बसली.

"बसा रे बाबांनो," ती देवदूतांना म्हणाली. "प्रभू कधी कुठल्या भुतामागे धावला होता का?"

मुलांना शिकवायची त्याच आवाजात तिने सांगितलं, की यशया संदेष्ट्याने हे फार आधी कळवून ठेवलंय: येणारा राजा दुष्टाला हाताने मारणार नाही, त्याच्या तोंडचा शब्द हीच त्याची काठी. तो राजा, म्हणजे आपला प्रभू, आला तेव्हा घडलंही तसंच. सभास्थानात भूत ओरडायला लागलं, त्याने नुसतं गप्प म्हटलं आणि ते निघून गेलं. पंख लावून कुणी पळापळ केली नाही.

मग ती नवऱ्याकडे वळली.

"माझ्या शब्दाला तू काय किंमत देतोस ते गावाला ठाऊक आहे. छपराचं भोक दोन पावसाळे तसंच आहे. म्हणून मी माझ्या नावाने सांगत नाही. संदेष्ट्यांनी ज्याचं वचन दिलं, त्या ख्रिस्ताच्या नावाने सांगते. गप्प हो, आणि ये."

घुंगरं थांबली. इतका वेळ झाकलेला समुद्राचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. सेलेदोन आपल्या पायांकडे असा बघत राहिला, जणू ते शेजाऱ्याचे आहेत. मग चाबूक वाळूत टाकून तो सावकाश चालत आला आणि तिच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. मास्तरांनी पाणी ओतलं. भट्टीवाल्या भावांना ओढत न्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ओब्दुलियालाच खुर्चीसकट उचलून आत नेलं.

फादरांनी विचारलं. ओल्या केसांचा, जावयाचा घट्ट सदरा घातलेला सेलेदोन नातीला छातीशी धरून "करतो" म्हणाला, एवढ्या मोठ्याने की बाळ रडायचं विसरलं.

जेवताना लोकांनी त्याला सोडलं नाही. बायकोला घाबरूनच थांबलास, कबूल कर, असं सगळे म्हणत होते.

"तिला घाबरत असतो," तो म्हणाला, "तर छप्पर केव्हाच झालं असतं."

पुरुष हसत पुन्हा ताटाकडे वळले. बायका मात्र उठून ओब्दुलियाभोवती जमल्या. एकीचा नवरा पीत होता, एकीचा दिवसभर लोळत होता. तू त्यांनाही एकदा तसंच सांगून बघ, म्हणाल्या. ओब्दुलियाने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"ते नाव सैतानासाठी आहे," ती म्हणाली. "नवऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा."