दुसऱ्या रेघेची वाट

सगळं गाव एकच रेघ यावी म्हणून देवाला हात जोडत होतं, आणि आमचा लॉकी दुसरी यावी म्हणून!

कॅनडातल्या केप ब्रेटनच्या या किनाऱ्यावर एकाच नावाची ढीगभर माणसं. म्हणून बायकोच्या नावावरून हा ‘एफीचा लॉकी’. जन्मभर होडीवर लॉबस्टर पकडले आणि जन्मभर घरात शिरताना बायकोचं एकच वाक्य ऐकलं, “बूट बाहेर!” ते कानावर पडल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटतच नाही, असं तोच सांगायचा. म्हातारपणी दोघं आमच्या वृद्धाश्रमात आली, एका खोलीत. मी तिथं सेविका. तोंडाची फटकळ, पण या दोघांवर माझा जीव.

त्या हिवाळ्यात एफीला कोविड झाला. तिला मागच्या दालनात हलवलं. तिथं राहायचं ते फक्त लागण झालेल्यांनी. लॉकी तिच्या संपर्कातला, म्हणून रोज सकाळी त्याच्या नाकात काडी फिरवून मी पट्टीकडे बघत बसायची. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर लागण.

“आली का गं दुसरी?”

“नाही. नशीबवान आहेस, म्हातारबा.”

“कसलं डोंबलाचं नशीब! नीट फिरव की. नाक आहे ते, काचेचं भांडं नव्हे.”

एकदा हात धुऊन वळते तो पट्टीवर ठसठशीत दोन रेघा. मी पट्टी उचलायला वाकले. मग जिंजर एलचा, त्याच्या त्या आल्याच्या सोड्याचा वास आला; असलं आंबट काही पडलं की पट्टी खोट्या दोन रेघा दाखवते. ग्लास अर्धा रिकामा, आणि म्हातारा छताकडे बघतोय.

“लॉकी, पट्टीवर सोडा ओतलास?”

“सांडला.”

“बरोबर त्या एवढ्याशा भोकात?”

“कोळ्याचा नेम आहे, पोरी.”

अशी भडकले मी! “मरायचंय का तुला? छाती आधीच भात्यासारखी वाजते!”

“माझं राहू दे. ती कशी आहे?”

काय सांगणार, कपाळ! एफी खात नव्हती, बोलतही नव्हती. “बरी आहे. जेवली,” मी म्हणाले.

“काय जेवली?”

“मासा.”

“कोळ्याची बायको असून तिनं जन्मात माशाला तोंड लावलं नाही,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तो ‘आली का’ असं विचारेनासा झाला. एफीची उशी मांडीवर घेऊन बसायचा.

मग एका सकाळी दुसरी रेघ उमटली. अंधूक. टेबलावर ग्लास नव्हता. मी नवी पट्टी घेतली, तिच्यावरही आली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तेच. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, आनंदही झाला. त्यानं कंगवा मागितला, चांगला सदरा मागितला.

मी त्याला मागच्या दालनात नेलं. एफी डोळे मिटून पडलेली, अगदी चिपाड झालेली. “एफी, बघ कोण आलंय,” मी म्हणाले. ती हलली नाही. लॉकी काठी टेकत, सपाता फरफटत दाराशी आला. तो आवाज ऐकून तिचे ओठ हलले.

“बूट बाहेर.”

मी त्याच्या सपाता काढायला वाकले, तर त्यानं माझा हात झटकला. दाराची चौकट धरून, धापा टाकत स्वतःच काढल्या, काठीनं उंबऱ्याबाहेर सारल्या, आणि मग आत आला.