संघर्षला गुण आला

माझा मावसभाऊ संघर्ष रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांची राखण करीत असे. कोळणी त्याच्या भरवशावर बाजार गाठत. कावळा उतरला की संघर्ष दोन्ही हात उंचावून ‘हाऽड!’ असे ओरडे. एरवी तो फारसे बोलत नसे. तो स्वमग्न आहे, हे वैद्यकशास्त्राला त्याच्या तिशीनंतर कळले. तोवर गाव त्याला नुसते संघर्ष म्हणत असे आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते.

त्याला लहानपणापासून फिट येत; तिची गोळी बदलण्यासाठी त्याला एका नामवंत रुग्णालयात दाखल केले. तेथे वॉर्डाच्या खिडकीत कावळे रुग्णांच्या डब्यांवर टपून बसत. संघर्षने आपले काम सुरू केले. दुर्दैवाने त्याच क्षणी मोठे डॉक्टर फेरीवर आले. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती. ‘हाड’ मात्र थेट तोंडावर आले. एवढ्या विद्वान गृहस्थाला कुत्र्यासारखे हाकलणारा रुग्ण आक्रमक असणार, यात शंका ती कसली? त्याला कोठडीत एकटे ठेवण्यात आले. कोठडी हा शब्द अर्थातच माझा. दारावर ‘शांतता कक्ष’ अशी सुबक पाटी आहे. आत खिडकी नाही आणि कडी बाहेरून.

त्याची आई, माझी धोंडूमावशी, डॉक्टरांना म्हणाली, “सायेब, तो कावल्यांना हाड करतो. तुमाला कशाला करंल?”

“आजी, आत कुठे आहेत कावळे?”

“मंग आता वरडतो का?”

“अजिबात नाही.”

“मंग सोडा न् त्याला!”

“अहो, गुण येतोय. उपचार मध्येच कसे थांबवू?”

मी तक्रार केली. निर्दोष मराठीत, नियमांच्या संदर्भांसह. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा केली. अखेर चौकशी समिती आली. समितीने चहा घेतला, दाराच्या झरोक्यातून रुग्ण पाहिला आणि ‘उल्लेखनीय सुधारणा’ झाल्याने त्यास घरी सोडावे, अशी शिफारस केली. तक्रार माझी होती. अभिनंदन डॉक्टरांचे झाले.

शिपायाने कडी काढली. दार सताड उघडे झाले, तरी भिंतीला टेकलेला संघर्ष जागचा हलला नाही. मावशीने आत जाऊन त्याचा हात धरला.

“भूक लागली का रं, बाला?”

मान हलवण्याआधी संघर्षने शिपायाकडे पाहिले.

शिपाई मनाने चांगला. त्याने परवानगी दिली.