मोकळं किती, धरलेलं किती

रक्त काढणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. दंडाला पट्टा आवळला की माणूस बोलायला लागतो, आणि कापूस लावेपर्यंत सगळं घर सांगून टाकतो! त्यात ती पुरुषांची टेस्ट असली तर विचारूच नका. नारायणगावजवळच्या वारूळवाडीतल्या आमच्या लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉनला आजवर कुणी नावानं हाक मारलेली नाही. "ती टेस्ट", "ते आपलं हे", नाहीतर नुसती भुवई.

मी अवसरीला इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, तेव्हा झाडून सगळ्या वडीलधाऱ्यांनी मला वाया गेलेला ठरवलं. मग मी लॅबचा कोर्स केला. आता तीच मंडळी बाही वर करून माझ्यापुढं बसतात आणि तोंड फिरवून विचारतात, "लई दुखंल का रं?"

* * *

एकदा आमचे शाळेतले गुरुजी आले. रिटायर झालेत. काउंटरवर नुसता चष्मा पुसत राहिले.

"ते... पुरुषांच्यात जे असतं ना..."

"कुठलं, गुरुजी?"

"अरे, पुस्तकात नव्हतं का?"

"पुस्तकात होतं. पण तो धडा तुम्ही आम्हाला घरी वाचायला सांगितला होता!"

बाकावरची माणसं खो खो हसली. गुरुजींनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि हळूच म्हणाले, "मी तरी कुठं वाचला व्हता!"

* * *

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांचा मुलगा विलासदादा. अंगानं भरलेला, शुगर आहे, आणि बापापुढं उभ्या जन्मात आवाज नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. या सहा वर्षांत सुमनवहिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. शेवटी ती एवढंच म्हणाली, "एकदा ह्यांचं पण बघू."

झालं! तात्यांनी तिला येडगावला माहेरी नेऊन सोडलं. "आमच्या खानदानाला कमी हाय म्हणती!"

मग हट्टानं स्वतःच एका सकाळी दादाला घेऊन लॅबमध्ये आले. वर स्वतःचाही दंड पुढं केला. "माझं पण काढ. बापाचं बघून पोराला लाज वाटू दे."

पहिल्या रिपोर्टात तात्या पाचशेच्या पुढं, दादा तीनशेच्या आत, म्हणजे कमी! तात्या तसेच उठले ते थेट टोमॅटो मार्केटला. संध्याकाळपर्यंत नारायणगावात प्रत्येक हमालाला तात्यांचा आकडा पाठ होता. आणि दादाचाही. स्वतःच्या पोराची अब्रू क्रेटवर उभं राहून वाटणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला.

पुढचा बेतही तयार होता. जिमवाल्या कुणाकडून याच हार्मोनचं इंजेक्शन आणायचं, दादाला टोचायचं, वहिनीला सोडचिठ्ठी द्यायची आणि दुसरी करायची. लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एका आकड्यावर काही ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत रक्त द्या, दोघंही. रक्तात मोकळं किती आहे तेही दोन्ही नमुन्यांत काढू. तोपर्यंत सुईला हात लावायचा नाही." नमुने पुण्याला गेले, आणि आम्ही वाट बघत बसलो.

* * *

त्याच दिवसांत जुन्नरचे मुनीरभाई आले. रोज रात्री टोमॅटोची गाडी मुंबईला घेऊन जातात. स्टिअरिंगवरून उतरले ते सरळ आमच्या खुर्चीत. आकडा तळाला!

मॅडमनी विचारलं, "झोपता कधी?"

"सिग्नलला, मॅडम."

हे हार्मोन शरीर जास्त करून झोपेत तयार करतं आणि सकाळी सगळ्यात वर नेऊन ठेवतं. बिनझोपेच्या माणसाचं रक्त तपासून काय कळणार? मॅडमनी गोळी दिली नाही, औषध दिलं नाही. आठवडाभर सुट्टी घ्या आणि झोपा, मग सकाळी या, एवढंच सांगितलं. आठवड्यानं आले तर आकडा कुठल्या कुठं वर! मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघत राहिलो. तोच माणूस, तेच रक्त, मध्ये फक्त झोप. अंगावर काटा आला राव.

मुनीरभाई म्हणाले, "दवा तो बढिया है, मॅडम. पण आमच्या शेठकडं मिळत न्हाई!"

* * *

एक बैलगाडा मालक होते, आंबेगावचे. शर्यतीच्या घाटात बैल पळवण्यात पिढ्या गेलेल्या. रिपोर्ट हातात पडला तसे बाहेर गेले आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. माझ्या तोंडात पेढा कोंबून म्हणाले, "घे! आपल्या सगळ्या दोस्तांत माझा नंबर सगळ्यात खाली!"

मला दोन मिनिटं उलगडा होईना. मग डोक्यात उजेड पडला. घाटात ज्याच्या गाड्याला सगळ्यात कमी सेकंद लागतात, तो जिंकतो ना!

मी म्हणालो, "मामा, हितं उलटं असतं."

ते बॉक्सकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आता वाटलेत तर खा."

* * *

पुण्याहून रिपोर्ट आले त्या सकाळी तात्या आणि दादा आधीच येऊन बसलेले. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात इंजेक्शनची बाटली. मला म्हणाले, "सुई तुझ्याकडं हायच. आत्ताच टोचून टाक."

मॅडमनी दोघांना आत घेतलं. मीही दारात उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "रक्तातलं बहुतेक हार्मोन प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. मोकळं फिरतं ते अगदी चिमूटभर. आणि काम त्या मोकळ्याचं. विलासरावांचं वजन जास्त, शुगर आहे, म्हणून त्यांच्यात हे धरून ठेवणारं प्रथिनच कमी आहे. त्यामुळं एकूण आकडा खाली दिसतो. मोकळं मात्र बरोबर आहे, दोन्ही सकाळचं."

दादानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"आणि तात्या, वयानं तुमचं ते प्रथिन वाढलंय. म्हणून एकूण भरपूर दिसतं. पण मोकळं कमी आहे."

खरं सांगतो, तात्यांची जिरली याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी हातातल्या रिकाम्या नळीकडं बघत होतो. दाढी, आवाज, हाडं, मस्ती, ज्याच्या नावानं एवढी घरं बुडवतात ते सगळं त्या चिमूटभर मोकळ्यावर चाललंय! आणि ते ना मिशीला विचारतं, ना खानदानाला.

तात्या म्हणाले, "मग इंजेक्शन दिलं तर अजून वाढंल की पोराचं."

"बाहेरून टोचलंत की शरीर म्हणतं, आयतं मिळतंय, आता मी कशाला करू? आतलं काम थांबतं. बीज तयार होणंही थांबतं. मूल हवंय ना तुम्हाला? आणि ही टेस्ट मुलाबाळाचं सांगतच नाही. त्यासाठी वीर्य तपासावं लागतं. सहा वर्षांत ते कुणीच केलं नाही."

तात्या काही बोलायच्या आत दादा उठला. बापाच्या खिशातून बाटली काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि मला म्हणाला, "डबी दे."

तात्या टोपी घालून बाहेर पडले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केटच्या गेटवर चहा पीत होतो. लिलावाची वेळ, क्रेटच्या थप्प्या, टेम्पोंची गर्दी. येडगावच्या बाजूनं एक स्कूटी आली. चालवत होती सुमनवहिनी. मागं तात्या! सुनेची कापडाची पिशवी मांडीवर घट्ट धरून, धोतर सावरत.

गेटवरच्या सगळ्या माना वळल्या. एक व्यापारी ओरडला, "तात्या, हे काय ओ? आन् पोराचं किती आलं पुन्हा?"

मागून कुणीतरी हसलं.

तात्यांनी वहिनीच्या खांद्यावर टकटक केलं. स्कूटी थांबली. तात्या खाली उतरले, पिशवी सीटवर ठेवली. ज्या ठिकाणी त्यांनी आकडे वाटले होते, त्याच ठिकाणी जाऊन क्रेटवर चढले. हमाल थांबले. तराजूवाला थांबला.

"पोराचं चांगलं हाय," तात्या म्हणाले. "माझं कमी हाय. अजून कुणाला इचारायचंय?"

हमालांनी पुन्हा क्रेट उचलले.

तात्या खाली उतरले, पिशवी उचलली, पुन्हा मागं बसले.

"चल पोरी. हळू घे पण."