ताण तोडायच्या दिवशीचा जोड

अकोल्याच्या एमआयडीसीत, चिकटवायचा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरी करते. माझं काम जोडलेलं तोडून बघायचं. दोन पट्ट्या चिकटवायच्या, यंत्रात धरून ओढायच्या आणि किती जोर लावल्यावर सुटतात ते पाहायचं. खिडकीच्या फटीत भरायचं सिलिकॉन असो, खोक्यांना लावायचा गरम गोंद असो की प्लास्टिकचे पाइप जोडायचं सोल्युशन, सगळ्यांची हीच परीक्षा. बाबा मात्र वरूडकडच्या आमच्या गावात सांगत सुटतात, "पोरगी डिंकाच्या फॅक्टरीत हाय." डिंक बाभळीचा असतो, आमचा माल पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळीसारखे रेणू, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय. "मंग लाडवात चालत नाई म्हन ना," एवढं बोलून ते विषय मिटवतात.

आमची संत्र्याची बाग. संत्र्याला फुलं यावीत म्हणून थंडीत आधी त्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या सुमाराला भरपूर पाणी सोडून तो ताण तोडायचा, म्हणजे तहानलेलं झाड फुलून येतं. वेळ साधली तर बहर. ताण जास्त झाला तर फांद्याच वाळायला लागतात आणि वर्षाचं पीक हातचं जातं. हे पहिलं पाणी लेकीच्या हातानं सोडायची आमच्या घरची रीत आहे. म्हणून दर जानेवारीत मी रजा टाकून फक्त मोटारीचं बटण दाबायला माहेरी जाते, आणि तोरा असा मिरवते की विचारू नका.

यंदा पोहोचले तर बाबा डोक्याला हात लावून विहिरीपाशी बसलेले. सकाळीच ट्रॅक्टरचा फाळ लागून बागेकडे जाणारा मोठा पाइप फुटला होता. त्या आठवड्यात सगळ्या शिवारात पाणी सुटतं, त्यामुळे पाइप जोडणारा माणूस कुठला मिळायला! मी म्हटलं, मी जोडते.

"तुले जमते का?"

"रोज हेच तर करते, बाबा."

"तू तं तोडते म्हने."

मी करवत मागितली. फुटलेला भाग कापला, नवा तुकडा मापात घेतला, दोन्हीकडे कपलिंग, म्हणजे जोडाची बाही. तोंडं घासून पुसून लख्ख केली. सोल्युशनचा डबा आणायला घरात गेले, आल्यावर ते लावून तुकडा बसवला आणि बाबांना व्याख्यान दिलं. हे वरून चिकटत नाही, दोन्ही पाइपांचं अंग मऊ करून एकमेकांत मिसळवतं, मग वाळून एकच पाइप होतो. मात्र उद्यापर्यंत पाणी नाही. बाबांनी एका झाडाकडे पाहिलं आणि नाइलाजानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटला, मी ऐटीत बटण दाबलं. पाइप फुरफुरला आणि विहिरीकडचा जोड फटकन निसटला. पाण्याचा असा फवारा उडाला की बाबा टोपीसकट न्हाऊन निघाले. मी मोटार बंद केली.

सुटलेलं टोक हातात घेतलं तर कडेला पिवळसर कडं दिसलं. बोट फिरवलं, तेलकट. वास घेतला, हळद. मी आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला.

आमच्याकडे ट्रॅक्टर असो की मिक्सर, नवीन वस्तूला तेल-हळद-कुंकू लागल्याशिवाय ती कामाला लागत नाही. मी डबा आणायला गेले तेवढ्यात आईनं पाइपाची पूजा उरकली होती.

"मी पुसलं होतं ना वं पदरानं!" ती म्हणाली. "तू रागावशीन म्हनून चांगलं घासून पुसलं."

"अवं, तेल का पदरानं निघते?" बाबा ओरडले, आणि ओल्या कपड्यांनी स्वतःच हसत सुटले. मीही हसले. पण हसू फार टिकलं नाही. त्यांनी जवळच्या झाडाच्या डहाळीचं टोक वाकवलं, ते कटकन मोडलं.

"सायकलची ट्यूब गुंडाळून चालू करतो. अजून एक दिवस झाडं नाई थांबत."

"एवढ्या दाबाला ट्यूब टिकणार नाही, बाबा. उरलेला पाइपही फुटेल. मला अजून एक दिवस द्या."

मी हे ठासून म्हणाले, पण आतून पार घाबरले होते. कारखान्यात जोड सुटला तर मी आकडा लिहून पुढची पट्टी घेते. इथे बाबांची बाग होती, आणि दुसरी बाग नव्हती. त्यांनी मोडकी काडी बांधावर टाकली. मग म्हणाले, "कर."

तेलकट टोक कापून टाकलं, नवं कपलिंग लावलं. आई दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभी राहिली, पाइपाकडे बघायलासुद्धा तयार नव्हती. त्या दिवशी बाबा जेवले कमी आणि बागेत फिरले जास्त.

पुढच्या सकाळी मी बटण दाबलं. बाबा चरात उतरून जोडावर तळहात ठेवून बसले. पाइप थरथरला. जोड कोरडाच राहिला. शेवटच्या ओळीच्या आळ्यात पाणी शिरल्याची हाक आईनं तिकडून दिली, तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. मला काहीच म्हणाले नाहीत. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत एका दुपारी कारखान्याच्या गेटवरून निरोप आला की कोणीतरी भेटायला आलंय. बाबा होते. वरूडहून अमरावती, तिथून अकोला, एसट्या बदलत आलेले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तो जपून उलगडला. आत संत्र्याची डहाळी होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली, प्रवासानं थोडी सुकलेली. एक फूल म्हणजे एक संत्रं, असा बाबांचा हिशोब. आमच्या बागेतलं फूल देवालाही वाहिलं जात नाही, आणि उभ्या जन्मात आईलाही त्यांनी एक माळू दिलेलं नाही.

"तुम्ही तोडलं?" मी विचारलं.

"मंग का वानरानं तोडलं? घे. केसात लाव."

मी तिथेच, वॉचमनसमोर, ती डहाळी केसात खोवली.