शेगडी आत घे

"मी सांगतो तसं कर." फोन लागला की आबांचं पहिलं वाक्य हे. पलीकडून पोरगं काय म्हणतंय ते नंतर.

नव्वदच्या दशकात भवानीनगरला माझा एसटीडी-आयएसडी बूथ होता. आबा दर रविवारी वरकुट्याहून यायचे, काचेच्या केबिनबाहेर चपला काढायचे आणि रशिया जणू कालव्यापलीकडंच आहे अशा आवाजात बोलायचे. मुलगा तिकडं डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षाला होता. पोट बिघडलं, ओवा चाव. पाय मुरगळला, हळद लाव. उमेदीची वर्षं मेंढरांमागं उघड्यावर काढलेल्या या माणसाकडं प्रत्येक दुखण्यावर इलाज असायचा. आम्ही बाहेर बसून हसायचो. तुम्हीही हसला असता.

त्या रविवारी पोराच्या हॉस्टेलचे हीटर बंद पडले होते, बाहेर बर्फ होता. अंगात कणकण आहे, औषध घेऊन आता झोपतोच, असं तो म्हणाला. आबा त्याचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणत, म्हणून आम्हाला कळलं.

"मटण भाजायची शेगडी हाय न्हवं? कोळसं फुलीव, शेगडी आत घे. दारं-खिडक्या गच्च लाव. फटीत चिंध्या कोंब. आन झोप निवांत."

फोन ठेवून ते समाधानानं बाहेर आले. बाकावर फोनसाठी थांबलेले गावातले डॉक्टर एकदम उभे राहिले.

"आबा, परत लावा फोन. बंद खोलीत कोळसा पेटता ठेवला तर माणूस झोपेतच जातो."

"आमी जलमभर शेकोटीपाशीच झोपलोय."

"उघड्यावर, आबा."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी नंबर फिरवत राहिलो. लाइन मिळेना. "लावा भाऊ, परत लावा," एवढंच ते म्हणत होते. इतका असहाय माणूस मी पुन्हा पाहिला नाही. रिंग गेली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. हॉस्टेलच्या तळमजल्यावरचा फोन कुणा रशियन बाईनं उचलला.

"बाई, आमच्या पोराला उठवा. खिडकी उघडा वो त्याची, पाया पडतो तुमच्या."

ती काहीतरी विचारत राहिली, आबा तेच सांगत राहिले. डॉक्टरांनी इंग्रजीत बोलायला रिसीव्हर हातात घेतला, तोवर तिनं फोन ठेवला होता. पुन्हा लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पोरगा झोपेतच गेला होता.

मी वरकुट्याला भेटायला गेलो. आबांनी घोंगडं अंथरून मला बसवलं.

"ती बाई काय इचारत आसंल हो? कोण पायजे, आसंच ना?"

"असेल, आबा."

"आन मी त्याचं नावच सांगितलं न्हाय."